पैनगंगेकाठचा कारभार : एका शेतावरील अनेक सरकारे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या नावाला साजेल असा विषय आपल्याच जिल्ह्याच्या मातीतून घ्यावा, असे मी ठरविले. अलीकडे विद्वानांच्या परिषदांतून एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. राज्यकारभाराचा अधिकार गाव, प्रांत, राष्ट्र आणि राष्ट्रसंघटना यांत कसा वाटला जावा? १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात युरोपातील राष्ट्रांनी यासंबंधी एक तत्त्व लिहून ठेवले. जे काम खालची संस्था नीट करू शकते ते वरच्या संस्थेने आपल्या हाती घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. हे वाचताना मला आदिलाबादची आठवण होते. कारण ज्या भूमीत गेल्या दीडशे वर्षांत गावपंचापासून आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेपर्यंत सर्व पायऱ्या एकाच शेतावर येऊन उभ्या राहिल्या, अशी भूमी शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. येथे पायऱ्या कधीच कमी नव्हत्या. एखादे शेत कोणाचे, एखादे झाड कोणाचे, हे ठरविताना पहिला शब्द कोणाचा, एवढाच येथील इतिहासाचा प्रश्न आहे.

मी भाषेचा माणूस. कायद्याची परिभाषा मला उसनी घ्यावी लागते. पण शब्दांचा माग काढता येतो. म्हणून शब्दांपासूनच आरंभ करतो.

ज्याला आज आपण आदिलाबाद म्हणतो, त्याला जुन्या कागदांत एदलाबाद म्हटलेले आढळते. या भागातील गोंड गावाच्या प्रमुखास 'पटला' म्हणतात; तो आपला पाटीलच. गावाची देवकार्ये पाहणारा 'देवारी'. आणि अनेक गावांच्या समूहावर वंशपरंपरेने अधिकार चालविणारा तो 'मोकाशी'. मोकासा हा शब्द मुसलमानी राजवटींतून मराठेशाहीत आला व तेथून गोंडांच्या मुखी रुळला. चांद्याच्या गोंड राजांची सत्ता, तिच्यावर मोगलांची खंडणी, १७५१ च्या सुमारास चांदा घेणारे नागपूरकर भोसले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पैनगंगा-वर्धेच्या दक्षिणेकडील मुलूख मिळविणारा निजाम, इतक्या सत्तांचे थर त्या एका शब्दात साचलेले आहेत. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वरचा राजा बदलला तरी मोकाशी राहिला, पटला राहिला, गावचा पंच राहिला. खंडणी वर जात होती. जमिनीचा, लग्नाचा, भांडणाचा निवाडा मात्र गावातच होत होता. पंचाला न सुटलेला तंटा तेवढा पुढे मोकाशाकडे जाई. ही व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणत नाही. वंशपरंपरेने चालणाऱ्या अधिकारात जे दोष असतात, ते तिच्यातही होते. पण त्या व्यवस्थेत पायऱ्या खालून वर जात होत्या, एवढे निश्चित.

सालारजंगाने १८६५ च्या सुमारास हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी केली आणि पायऱ्यांची दिशा फिरली. तहसीलदार, दुय्यम तालुकदार, अव्वल तालुकदार, त्यांच्यावर वरंगळचा सुभेदार, त्याच्यावर हैदराबादची दिवाणी. आणि या सर्वांच्या डोक्यावर, कोणत्याही दप्तरात फारसा न दिसणारा पण सर्वांना ठाऊक असलेला, इंग्रजांचा रेसिडेंट. सालारजंगाच्या सुधारणांचे गुणगान पुष्कळ झाले आहे, आणि ते सर्वस्वी अयोग्य नाही. तथापि गोंडांच्या दृष्टीने तिच्यात एक मोठी उणीव राहिली. हलक्या जमिनीचा कस टिकावा म्हणून ते काही वर्षे एक तुकडा कसून तो पडीक टाकीत व दुसरा घेत. अशा जमिनीला पट्टा करून घेण्याची त्यांना गरज वाटली नाही. सरकारनेही ती 'शिवाय-जमाबंदी' म्हणून नोंदविली. सारा घेतला, पण मालकी लिहिली नाही. पुढे रस्ते झाले, काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग झाला, कापसाला भाव आला आणि मैदानी मुलखातून शेतकरी व सावकार आले, तेव्हा पट्टा कोणाच्या नावाचा हा प्रश्न निघाला. तेव्हा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सारा भरला होता, त्यांच्यापाशी दाखवायला कागद नव्हता. दुसऱ्या बाजूने जंगल खात्याने राखीव जंगलाची रेषा आखली. ही रेषा अनेक ठिकाणी गावांच्या पडीक शेतांवरून गेली. पडीक म्हणजे टाकलेली नव्हे, विसावलेली. पण रेषा आखणाऱ्याला तो फरक माहीत नव्हता किंवा करावयाचा नव्हता.

जोडेघाटचा उठाव या रेषेतून जन्मला. कोमरम भीम हे नाव आज तेलंगणात सर्वतोमुखी आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हा आसिफाबाद जिल्ह्याला त्यांचेच नाव दिले गेले. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा लोकस्मृती त्यांच्याच तोंडी घालते. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरावर निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्यांचे सहकारी मारले गेले. आश्विन पौर्णिमेस तेथे अद्यापि लोक जमतात. या प्रकरणाचा एक भाग मात्र कथागीतांत मागे पडतो. बंदुका निघण्यापूर्वी अर्जविनंत्या झाल्या होत्या. जंगल खात्याच्या माणसांनी झोपड्या जाळल्या, त्या पुन्हा उभारल्या गेल्या, पुन्हा जाळल्या गेल्या. आणि मधल्या काळात ही माणसे सरकारदरबारी दाद मागत होती. याचा अर्थ असा की, त्यांना वरच्या सत्तेचे अस्तित्व अमान्य नव्हते. तिच्यापर्यंत आपला शब्द पोहोचावा, एवढेच मागणे होते.

या उठावानंतर निजाम सरकारने जे केले, ते संस्थानी कारभाराच्या इतिहासात अपूर्व म्हणावे लागेल. उठाव का झाला, हे समजून घेण्याचे काम एका मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते हिंदुस्थानात होते आणि त्यांच्यापाशी जर्मन राष्ट्राचे पारपत्र होते. त्यामुळे इंग्रज सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची परवानगी मिळाली. युरोपातील युद्धाने एका विद्वानाला आदिलाबादच्या डोंगरात आणून सोडले, ही नियतीची गंमतच. आंतरराष्ट्रीय घडामोडींचा आमच्या गावांशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी मारलवाई गावी जाऊन यावे. तेथे हायमेनडॉर्फ व त्यांच्या पत्नी बेटी गोंडांमध्ये राहिले. तेथेच १९४३ साली गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. राज्याची भाषा उर्दू, जिल्ह्याच्या पूर्वभागाची तेलुगू, पश्चिमभागाची मराठी, आणि मुलाच्या ओठावरची गोंडी. या चौघींत पहिला मान ओठावरच्या भाषेला द्यावा, हा निर्णय एका निरंकुश संस्थानात झाला!

या कामात एका मराठी माणसाचा वाटा होता, हे माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना कदाचित ठाऊक नसेल. सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांना महाराष्ट्र ओळखतो तो शिवकालाचा साक्षेपी इतिहासकार म्हणून. परंतु हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना ते आदिलाबादमध्ये विशेष समाजसेवा अधिकारी होते. त्यांनी गोंडी आत्मसात केली, कोलामी व गोंडी या भाषांची व्याकरणे लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकणे ही सौजन्याची बाब समजली जाते. वस्तुतः ती अधिकारविभागणीचीच बाब आहे. ज्या सभेत अधिकाऱ्याला दुभाष्या लागतो, त्या सभेत निम्मा अधिकार दुभाष्याचा असतो. हजारो गोंड व कोलाम कुटुंबांना त्या काळात पट्टे मिळाले. त्याचे एक कारण असे की, ते देणाऱ्याला घेणाऱ्याचे म्हणणे दुभाष्याविना कळत होते.

केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेतील दरबारही याच दशकातला. मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी घेऊन पायी येतात आणि पौष अमावस्येस नागोबाची महापूजा होते. त्या निमित्ताने डोंगरातील सारा गोंड समाज एकत्र जमतो. तेथेच सरकारी अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, अशी प्रथा हायमेनडॉर्फ यांच्या सूचनेने पडली. राजाच्या दरबारात प्रजा जाते, ही जगाची रीत. येथे प्रजेच्या दैवतापुढे दरबार भरू लागला. ही प्रथा निजामी संपली, हैदराबाद राज्य संपले, आंध्र प्रदेशातून तेलंगण निघाले, तरी चालत आली आहे. अलीकडे तिच्यात भाषणे फार आणि निवाडे थोडे, अशी तक्रार ऐकू येते. ती मला अवास्तव वाटत नाही.

कायद्याच्या बाजूने त्या काळाचे फलित म्हणजे फसली १३५६, म्हणजे इसवी सन १९४६ चा दस्तूर-उल-अमल. आदिवासी मुलूख अधिसूचित करावा, तेथील जमिनीच्या हस्तांतरास आळा घालावा आणि लहानसहान दिवाणी-फौजदारी तंटे तेथील पंचायतींनीच तोडावेत, अशी त्याची रचना होती. १९४९ साली तो नियमांसह पुन्हा सिद्ध झाला. लोकशाही नसलेल्या राज्याने गावपंचाला निवाड्याचा अधिकार लेखी द्यावा आणि पुढे लोकशाही राज्याने १९६३ साली तो कायदाच रद्द करावा, हा विरोधाभास आमच्या इतिहासग्रंथांत पुरेशा गांभीर्याने मांडला गेलेला नाही. १९६३ मध्ये आंध्र प्रदेशाने आपला १९५९ चा जमीन-हस्तांतर विनियम तेलंगणास लागू केला. जमिनीचे संरक्षण त्यात होते, परंतु पंचायतींचा निवाड्याचा अधिकार त्यात नव्हता. एका सहीने मधली पायरी गेली.

दरम्यान नकाशाही बदलला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. नांदेडकडून मुधोळ, भैसा, कुबेर ही मंडळे आदिलाबादेत आली. राजुरा प्रथम नांदेड जिल्ह्यात व मग १९५९ साली चांदा जिल्ह्यात गेला. भाषेच्या न्यायाने ही वाटणी झाली, आणि मराठी भाषकांच्या दृष्टीने तिचे स्वागतच करावयास हवे. परंतु त्या वाटणीत गोंडी ही भाषा मोजलीच गेली नाही. चांद्याच्या एकाच गोंड राज्याची प्रजा आता दोन राज्यांत, दोन महसुली पद्धतींत, दोन शालेय भाषांत वाटली गेली. पैनगंगेच्या या तीरावरच्या मुलीचे सासर त्या तीरावर असे. आता तिचे माहेर दुसऱ्या राज्यात गेले. मारलवाईची देवनागरी पुस्तके अर्थातच मागे पडली.

याच काळात वरच्या टोकाला एक मोठी गोष्ट घडली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९५७ साली आदिम व आदिवासी जनसमूहांविषयीचा करार क्रमांक १०७ संमत केला आणि भारताने १९५८ साली त्यास मान्यता दिली. परंपरेने कसलेल्या जमिनीवर या लोकांची मालकी, मग ती वैयक्तिक असो वा सामुदायिक, मान्य करावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्या कराराचा सूर आदिवासींना हळूहळू मुख्य समाजात विरघळवून टाकण्याचा होता, म्हणून १९८९ साली त्याच्या जागी करार क्रमांक १६९ आला. त्यास भारताने मान्यता दिलेली नाही, म्हणून जुनाच आपल्यावर बंधनकारक आहे. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आदिवासी जनांच्या हक्कांचा जाहीरनामा आला, त्याच्या बाजूने भारताने मत दिले. म्हणजे जिनिव्हा व न्यूयॉर्क येथे उत्नूरच्या शेतकऱ्याचा हक्क तीन वेळा उच्चारला गेला. उत्नूरच्या तहसीलमध्ये त्याचा उच्चार किती वेळा झाला, हा प्रश्न निराळा.

कालव्यावर शेती करणाऱ्यांना 'शेपटाकडचा शेतकरी' ही संज्ञा ठाऊक आहे. धरण भरलेले असते, मुख्य कालव्याला पाणी सुटते, कागदोपत्री प्रत्येकाची पाळी लिहिलेली असते. आणि शेपटाकडच्या शेतात चारी कोरडी. पाणी कोणी चोरले असे दाखवता येत नाही. ते वाटेत मुरते. आपल्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचे आदिलाबादेत बव्हंशी असेच झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने येथील डोंगराळ मुलूख अनुसूचित क्षेत्र झाला. तेथे संसदेचा वा विधिमंडळाचा कोणता कायदा लागू करावा, कोणता वगळावा, हे ठरविण्याचा अधिकार राज्यपालास दिला, आणि सल्ल्यासाठी जनजाती सल्लागार परिषद ठेवली. १९७० च्या विनियम क्रमांक १ ने तर अधिक पुढचे पाऊल टाकले. अनुसूचित क्षेत्रातील जमीन मूळची आदिवासीचीच असे गृहीत धरावे व उलट सिद्ध करण्याचा भार दुसऱ्यावर टाकावा, असे त्याने ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली तो वैध ठरविला. इतका कडक कायदा असूनही जमीन जात राहिली. कारण कायदा हैदराबादेत होता, नोंदवही तलाठ्याच्या हाती होती, आणि राखीव जंगलाची रेषा तर कोणत्याच कायद्याने हलविली नव्हती.

त्यात एक गुंता सीमेनेच निर्माण केला. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने, ज्याचा अंमल १९७७ पासून झाला, तेलंगणातील लंबाडा समाज अनुसूचित जमातींत आला. महाराष्ट्रात तोच बंजारा समाज विमुक्त जातींत राहिला. अर्थात नदीच्या दक्षिण तीरावर जमीन घेण्यास ज्याला मुभा, त्याच्या उत्तर तीरावरील भावास ती नव्हती. पुष्कळ कुटुंबे नदी ओलांडून आली. त्यातून गोंड व लंबाडा यांच्यात जे वितुष्ट आले, ते अद्याप निवळलेले नाही. २०१७ साली तर ते रस्त्यावर आले. दोन्ही समाज गरीब, दोन्ही कष्टाळू. मला यात कोणा एका समाजाचा दोष दिसत नाही. दोन राज्यांच्या दोन याद्या एकाच नदीवर येऊन भिडल्या आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम दिल्लीने कोणाकडेच दिले नाही.

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीच्या बाजारात जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा; लोक अधिक सांगतात. जोडेघाटनंतर चाळीस वर्षांनी, स्वतंत्र भारतात, पाचवी अनुसूची लागू असलेल्या क्षेत्रात हे घडले, एवढी नोंद पुरे.

नंतरचे कायदे आपणांस परिचित आहेत. १९९६ साली पंचायतींचा अनुसूचित क्षेत्रांत विस्तार करणारा कायदा, ज्याला सर्वजण 'पेसा' म्हणतात. १९९७ साली 'समता' खटल्यात अनुसूचित क्षेत्रातील जमीन खाणीसाठी बिगरआदिवासींना देण्यास शासनालाही मज्जाव करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. २००६ चा वनहक्क कायदा. 'पेसा'ने वस्तीलाच गाव मानले आणि तिच्या ग्रामसभेला परंपरा, साधनसंपत्ती व तंटे यांविषयीचा अधिकार दिला. दस्तूर-उल-अमलाच्या पंचायती तेहतीस वर्षांनी पुन्हा कायद्यात आल्या, असे म्हणता येईल. मात्र आंध्र प्रदेशाचे पेसा-नियम निघण्यास २०११ साल उजाडले. त्या प्रतीक्षेत आदिलाबादच्या कित्येक गावांनी गोंडीत आपली घोषणा केली: 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचे राज्य. प्राणहितेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामुदायिक हक्क मिळविला आणि पुढे आपला बांबू आपणच विकला. कायदा तोच, समाज तोच. मेंढ्यात फरक पडला तो असा की, तेथील ग्रामसभा कायदा येण्यापूर्वी कितीतरी वर्षे सर्वसहमतीने निर्णय घेण्याचा सराव करीत होती. वरून पाणी सुटले तेव्हा चारी खणून तयार होती.

आता जरा सीमेवर थांबू या, कारण तेथे अधिकारविभागणीचा एक विलक्षण प्रयोग आपोआप चालू आहे. राजुऱ्यातून पुढे वेगळ्या झालेल्या जिवती तालुक्यात, आसिफाबादच्या केरामेरी मंडळाला लागून, परंडोळी, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी बारा-चौदा गावे आहेत. १९५६ च्या वाटणीपासून त्यांच्यावर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली. परिणाम असा की, एकाच गावात दोन सरपंच, दोन शिधापत्रिका, दोन मतदारयाद्या, एक मराठी शाळा व एक तेलुगू शाळा. दोन्ही विधानसभांच्या निवडणुकांत येथील लोकांनी मतदान केल्याचे वृत्तपत्रे आवर्जून छापतात आणि वाचक हसतात. मला त्यात हसण्यासारखे थोडेच दिसते. ज्या गावाला एका राज्याने वाऱ्यावर सोडले, ते दुसऱ्याचा आधार घेते, हा व्यवहार आहे. दोन सावकार असलेल्या कुळाचा व्यवहार. परंतु दोन सरकारांनी मिळून त्याला जे दिलेले नाही ते पाहा: जमिनीचा निर्वेध पट्टा. तांदूळ दोघे देतात, मत दोघे घेतात. शेताच्या मालकीवर सही करण्यास मात्र दोघांपैकी एकही सहजी तयार नाही, कारण ते शेत जंगल खात्याच्या नकाशात आहे. २०२५ साली ही गावे महाराष्ट्रातच पूर्णपणे घेण्याची हालचाल मुंबईत सुरू झाल्याचे जाहीर झाले. एक सरपंच कमी होईल, हे नक्की.

शाळेच्या वास्तूत बोलत आहे, तेव्हा शिक्षकांविषयीचा एक निर्णय सांगितला पाहिजे. २००० साली आंध्र प्रदेशाच्या राज्यपालांच्या अधिकारात एक शासननिर्णय निघाला. अनुसूचित क्षेत्रांतील शाळांत शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखून ठेवाव्यात, असा. हेतू उघड होता: शिक्षक गावचा असावा, त्याला मुलांची भाषा यावी, आणि तो रोज शाळेत यावा. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो घटनाबाह्य ठरविला. शंभर टक्के आरक्षण समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे आणि पाचव्या अनुसूचीतील राज्यपालांचा अधिकार इतका ताणता येत नाही, असा निर्णयाचा मथितार्थ. शंभर टक्के हे प्रमाण मलाही कधी पटले नव्हते. पण गोंडी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासमोर कोणत्या भाषेचा शिक्षक उभा राहावा, याविषयी त्या मुलाच्या वस्तीचा शब्द कोठे व केव्हा विचारात घ्यावयाचा, हा प्रश्न त्या निर्णयाने मोकळाच राहिला.

येथे एक उलटे उदाहरण देतो, म्हणजे वरच्या संस्थांवर माझा राग आहे असे आपणांस वाटणार नाही. नारनूर मंडळातील गुंजाळा या गावी गोंडीची एक स्वतंत्र लिपी असलेल्या हस्तलिखित पोथ्या सापडल्या. ती वाचणारी मोजकी वृद्ध माणसे उरली होती. अभ्यासकांनी काम केले, गावकऱ्यांनी मुलांना ती शिकविण्यास आरंभ केला, आणि २०१८ साली युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत 'गुंजाळा गोंडी' या नावाने तिला स्थान मिळाले. जगातील कोणत्याही संगणकावर आज ती लिहिता येऊ शकते. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र गोंडी अजून नाही. गाव आणि जग यांनी परस्पर काम उरकले.

शेवटचे प्रकरण वाघाचे आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे वाघ असलेल्या तेरा राष्ट्रांनी २०२२ पर्यंत वाघांची संख्या दुप्पट करण्याचा संकल्प केला. २०१२ साली कवाल हे १९६५ पासूनचे अभयारण्य व्याघ्रप्रकल्प झाले. ताडोब्यात वाघ वाढले, तेथून नदी ओलांडून ते कागजनगर-आसिफाबादच्या रानात येऊ लागले. दोन्ही प्रकल्पांना जोडणारा हा त्यांचा मार्ग. वाघाला मतदारयादी लागत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय संकल्पापासून राज्याच्या आदेशापर्यंत सर्व पायऱ्या कशा झपाट्याने जुळतात, ते पाहण्यासारखे आहे. वाघाचे रक्षण व्हावे, याविषयी दुमत नाही. गोंडांच्या कुळाचारातही पशुपक्ष्यांना मान आहे. ३० मे २०२५ रोजी तेलंगण शासनाने आसिफाबाद जिल्ह्यातील हा मार्ग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. या क्षेत्राला नाव दिले कोमरम भीमाचे.

वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा घोषणेपूर्वी स्थानिक समाजाशी विचारविनिमय करण्याची अट आहे. वनहक्क कायद्यात ग्रामसभा आहे, 'पेसा'त ग्रामसभा आहे. आदेश निघाल्यावर गावोगावच्या आदिवासी संघटनांचे म्हणणे हेच होते की, आम्हांला कोणी विचारले? जिल्हाभर निदर्शने झाली, बंदची हाक दिली गेली, आणि जुलै महिन्यात शासनाने तो आदेश स्थगित ठेवला. रद्द केला नाही, स्थगित ठेवला. जंगलाच्या रेषेवरून ज्याच्या झोपड्या जळाल्या, त्याचे नाव घेऊन नवी रेषा आखली गेली होती. पंच्याऐंशी वर्षांपूर्वी भीमाच्या अर्जाचे काय झाले, हे त्या दप्तरात कोणी पाहिले असेल असे वाटत नाही.